पारासमोरचा प्लॉट

आमच्या वस्तीचे मत काय आहे, हे पूर्वी कोणी विचारलेले नव्हते. त्यामुळे ते विचारण्यासाठी माणसे येणार असल्याचा निरोप ग्रामपंचायतीतून आला, तेव्हा थोडी धावपळ झाली. मत कोणाजवळ आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. शेवटी लोक माझ्याकडे आले, आणि ते स्वाभाविकच होते.

मी अमळनेरला तहसील कचेरीच्या कुंपणाबाहेर अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडे थांबले. परंतु मजकुराच्या बाबतीत ते थांबले, असे माझ्या परिचयातील कोणीही म्हणणार नाही. नावातील दुरुस्ती, रेशनकार्डाची फोड, विहिरीवरील मोटारीचे कनेक्शन, पतीचे दुर्लक्ष, शेजाऱ्याची म्हैस, अशा सर्व विषयांवर मी लिहिलेले आहे. अर्जाचे तीन अवयव असतात: विषय, कारण आणि विनंती. विषय कोणालाही सांगता येतो. विनंती तर मनुष्य जन्मतःच घेऊन येतो. कारण मात्र माझ्याकडूनच घ्यावे लागते.

आमची वस्ती मुख्य गावापासून सुटलेली, डांबरी रस्त्यापासून आत आहे. मध्यभागी निंबाचे झाड, झाडाला दगडी पार, पारासमोर धुळीची मोकळी जागा, एका अंगाला मारुती. घरे बहुतेक धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. ज्यांना स्वतःची जागा नाही अशांची घरकुले या मोकळ्या जागेभोवती बांधायची आणि जागेचा एक नीटस चौक करायचा, अशी योजना होती. कोणाचे घर कोठे आणि चौकात काय, हे वस्तीने सांगायचे होते.

यात माझ्या वहिनींचा प्रश्न होता. वहिनी म्हणजे माझ्या मधल्या चुलतभावाच्या पत्नी. भाऊ वारल्यापासून त्या एकट्या राहतात. त्यांच्या घराचा एक कोपरा खाली बसला असून त्याला बाभळीच्या लाकडाचा टेका आहे. दर पावसाळ्यापूर्वी त्या स्वतः धाब्यावर चढून खारी माती पसरतात, आणि दर पावसाळ्यात ती माती भाकरीच्या पिठात येते. त्यांचे घरकुल मंजूर होते, परंतु जागा एकत्र कुटुंबाची, वाटणी न झालेली, आणि वाटणीचा दावा न्यायालयात. म्हणून त्यांना गावठाणातील प्लॉट हवा होता. पाया खोदला नाही तर मंजुरी यादीतील पुढच्या नावाकडे जाणार होती. पुढचे नाव रोज सकाळी येऊन वहिनींच्या प्रकृतीची चौकशी करून जात असे.

ठरल्या दिवशी धुळ्याहून एक वास्तुविशारद मॅडम आल्या. राहणार तेथील देवपूरच्या, वयाने तरुण, बोलण्याने नम्र. त्यांनी पारासमोरची जमीन झाडून घेतली, रांगोळीने वस्तीचा नकाशा काढला आणि रिकाम्या काडेपेट्या वाटल्या. एक काडेपेटी म्हणजे एक घर. ज्याने त्याने आपली काडेपेटी हवी त्या जागी ठेवायची.

"आधी मला सांगा, तुमच्या वस्तीचं केंद्र कुठे आहे?" मॅडमनी विचारले.

सर्वांनी पाराकडे बोट केले. सर्व जण पारावरच बसलेले असल्यामुळे मतभेदाला वाव नव्हता.

पारावर मधोमध आमचे आबा होते. आबा म्हणजे आम्हा भावांत थोरले, वहिनींचे जेठ, म्हणजे थोरले दीर. सकाळची न्याहारी झाली की ते पारावर येतात आणि दिवेलागणीला उठतात. मधला सर्व काळ वस्ती त्यांच्या देखरेखीखाली असते. आबा कोणाला रागे भरत नाहीत. तशी वेळच येत नाही.

स्त्रियांनी सभेला यावे असा मॅडमचा आग्रह होता. त्या आल्याही, म्हणजे मारुतीच्या भिंतीआड येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे सुना पारासमोरून जात नाहीत. जाणे अटळच असेल तर कोपऱ्यावर चप्पल काढून हातात घेतात, पदर पुढे ओढतात आणि पार संपला की चप्पल घालतात. मॅडम भिंतीपाशी जाऊन म्हणाल्या, "ताई, या ना पुढे. नकाशा तुमचाही आहे."

"आम्हले आठेन बी दखास," आतून एक आवाज आला. इथूनही दिसते, असा त्याचा अर्थ. मागून दबलेले हसू आले.

मग काडेपेट्या भिंतीआडून पुरुषांच्या हातून येऊ लागल्या. ज्या बाईला नवरा तिने नवऱ्याकडे दिली, जिला मुलगा तिने मुलाकडे. वहिनींनी आपली काडेपेटी माझ्याकडे दिली. मी धाकटा दीर असल्याने माझ्याशी बोलायला त्यांना अडचण नाही. "भाऊ, बरी जागा दखीसन ठेवा," एवढेच त्या म्हणाल्या.

मी नकाशाचे अवलोकन केले. सर्वांत उत्तम प्लॉट पारासमोरचा होता: नळ जवळ, दिव्याचा खांब जवळ, पाणी साचत नाही, आणि चौक सुशोभित झाल्यावर त्याची संपूर्ण शोभा दारातून दिसणार. मी वहिनींची काडेपेटी तेथे ठेवली. पारावरून पसंतीचा हुंकार आला. एक जण म्हणाला, "मानाची जागा भेटनी." कोणीही हरकत घेतली नाही. आबांनी मान हलवली.

सर्वांत शेवटी गादीवाले चाचा आले. ते जातीने पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-उशा भरण्याचा धंदा. अमळनेरच्या बाजाराला गेल्यामुळे त्यांना उशीर झाला होता. त्यांच्या काडेपेटीला नाल्याकडचा, वेड्या बाभळीतला मागचा प्लॉट उरला. चाचांनी काडेपेटी ठेवली, थोडा वेळ पाहिली, आणि म्हणाले, "कापूस घेऊन गिऱ्हाईक इथवर येईल का, तेवढंच बघतोय."

"येई ना. बाभळीले कापूस लागना म्हनीसन फोटो काढाले येतीन लोक," पारावरून उत्तर आले. चाचाही हसले. मॅडमनी नकाशाची छायाचित्रे घेतली आणि सर्वांचे आभार मानले. मी त्यांना चौकाबाबत माझे विचार मुद्देसूद ऐकवले. त्यांनी काही मुद्दे लिहून घेतले आणि बाकीचे लक्षात राहतील असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या घरी आल्या. माझ्या पत्नीशी बराच वेळ कपाशीवरील बोंडअळीबद्दल बोलल्या, चहा घेतला, आणि निघताना उंबऱ्याजवळ थांबून म्हणाल्या, "भाऊ, त्या घरले दार मांगे काढता येई का?"

मी नियम सांगितला. घरकुलाचे दर्शनी दार चौकाकडेच, मागे शेजाऱ्याची भिंत.

"मंग खिडकी बी पुढेच?"

"खिडकीही पुढेच."

त्या परत आत येऊन बसल्या. "दार उघाडं की आबा. धुनं वाळत घालं की आबा. खरकटं फेकाले निघनू की आबा. भाऊ, आबा देवमानूस शे, मी नही म्हनत नही. पन देवले बी पडदा ऱ्हास."

"वहिनी, ते तर काही बोलतही नाहीत."

"तेच सांगस ना. बोलतस ते एक येळ परवडस." मग त्या पत्नीकडे वळून म्हणाल्या, "घरमातून निघानं ते चप्पल हातमा, घरमा येवानं ते चप्पल हातमा. बाजारमा नवी चप्पल कसाले लेवानी मंग? हातले शोभस म्हनीसन?"

पत्नी म्हणाली, "मानाची जागा शे ना पन, अक्का. तुन्हा दीरनी निवडेल."

यावर दोघी इतका वेळ हसल्या की मी उठून ओसरीवर गेलो.

प्रश्नाचे गांभीर्य मला ओसरीवर समजले. प्लॉट बदलून हवा, हा विषय झाला. बदलून द्यावा, ही विनंती झाली. परंतु कारण काय लिहायचे? 'अर्जदार महिलेस तिच्या थोरल्या दिराच्या नजरेसमोर राहावयाचे नाही' असा मजकूर ग्रामपंचायतीत गेला असता, तर तेथे मोठ्याने वाचला गेला असता; दुपारपर्यंत पारावर पोहोचला असता; आणि आबा त्यानंतर पारावर बसले नसते. आबा पारावर बसले नसते, तर वहिनींना वस्तीत राहणे कठीण झाले असते. प्लॉट नाकारला तर घर गेले. कारण सांगितले तर भाऊबंद गेले. मी अनेक वर्षे लोकांना कारणे पुरवीत आलो आहे, परंतु खरे कारण उपलब्ध असून ते वापरता येत नाही, असे प्रकरण विरळा.

मी तीन मसुदे केले. पहिल्यात दर्शनी दारातून येणाऱ्या पश्चिमेच्या उन्हामुळे अर्जदाराच्या नेत्रांस होणारा त्रास नमूद केला. ग्रामसेवकांनी वाचून सांगितले की दार पूर्वेला आहे. दुसऱ्यात वास्तुदोष घेतला. तो त्यांनी शासकीय कारण म्हणून मान्य केला नाही, मात्र स्वतःच्या घराच्या जिन्याबद्दल माझे मत विचारले. तिसऱ्यात निंबावरील पक्ष्यांचा उल्लेख होता. त्यावर ग्रामसेवक म्हणाले, "भाऊ, ही जागा वस्तीनं ठरवली. तुमच्याच हातानं ठेवली. सबळ कारण आणा, नाहीतर आबांची संमती आणा."

आबांची संमती मागायची तर आबा कारण विचारणार. मी तसे वहिनींना कळवले. त्या निवांतपणे म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मंग. दखू." त्यांनी प्रयत्न सोडला, असा मी समज करून घेतला आणि चौथ्या मसुद्याला लागलो.

त्याच सुमारास त्यांनी वारलेल्या भावाची जुनी गादी चाचांकडे पिंजायला दिली. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटले नाही.

पुढे पंचायत समितीचे इंजिनिअर आले. लाभार्थ्याला त्याच्या प्लॉटवर उभे करून मोबाइलने फोटो काढायचा, की त्या जागेची नोंद कायम होते. नंतर बदल होत नाही. चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. मी धुतलेला सदरा घालून, चौथा मसुदा दोन प्रतींत घेऊन हजर होतो. यात मी जमिनीच्या पोताचा आधार घेतला होता आणि तो मला बराच भक्कम वाटत होता.

इंजिनिअरांनी यादी वाचायला सुरुवात केली आणि पारासमोरच्या प्लॉटवर वहिनींना बोलावले. तेथे चाचा उभे होते. नुसते उभे नव्हते. पिंजण्याचे यंत्र चादरीत गुंडाळून त्यांनी शेजारी ठेवले होते.

"चाचा, बाजूला व्हा. इथे मावशींचा फोटो आहे."

"मावशी तिकडं आहेत ना साहेब," चाचांनी मागे हात केला. नाल्याकडे, वेड्या बाभळीच्या झुडपांत, वहिनी पदर सावरून उभ्या होत्या. त्यांनी काही झुडपे तोडून उभे राहण्यापुरती जागाही केली होती.

इंजिनिअर तेथपर्यंत गेले. आम्हीही गेलो. "मावशी, तुमचा प्लॉट तो. पुढचा. चांगला आहे की."

"चांगला शे," वहिनी म्हणाल्या. "मी आठेच बरी."

"बरी म्हणजे? नकाशात तुम्ही तिकडे आहात."

"नकाशामा काडीपेटी व्हती. मी आठे शे."

"आणि चाचा?" परत पारासमोर येऊन इंजिनिअरांनी विचारले.

"मला पुढं धंद्याला बरं," चाचा म्हणाले. "आमचं बोलणं झालंय."

"पारासमोर पिंजशी, चाचा? आम्हले दिवसभर झोप लागी जाई," पारावरून कोणी तरी म्हणाले.

"आत्ता काय जागे असता का?" चाचांनी विचारले. पार हसला. आबा हसले नाहीत.

इंजिनिअर पाराकडे वळले. "वस्तीची हरकत नाही ना? आबा, तुम्ही सांगा. त्यांना इथं नको का आहे?"

हाच तो प्रश्न, जो विचारला जाऊ नये म्हणून मी तीन मसुदे खर्ची घातले होते. सर्वांनी आबांकडे पाहिले. वहिनी बाभळीत जागच्या जागी उभ्या होत्या. पदर इतका पुढे की चेहरा दिसत नव्हता. आता माझ्याखेरीज कोणी परिस्थिती सावरू शकणार नाही, हे ओळखून मी पुढे झालो, घसा साफ केला आणि वाचू लागलो: "सविनय सादर करण्यात येते की, उपरोक्त भूखंडाच्या मृत्तिकेचे स्वरूप पाहता..."

"तुन्हं वाचन ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

मी थांबलो. आबांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. नंतर निंबाच्या खोडाकडे तोंड करून, खोडाला सांगावे तसे ते म्हणाले, "मांगे नालाना उतार शे. जोतं उंच लेवानं म्हना. नही ते पानी घरमा घुसी."

इंजिनिअर परगावचे असल्याने त्यांनी मला विचारले, "म्हणजे हरकत नाही?"

"मी जोतानं बोली राहिनू," आबा खोडाला म्हणाले.

येथे परक्या वाचकासाठी खुलासा करणे आवश्यक आहे. आमच्याकडे जेठ आणि भावजय एकमेकांशी बोलत नाहीत. आबा आणि वहिनी एकाच कुटुंबात इतकी वर्षे असून त्यांच्यात एकही वाक्य समोरासमोर झालेले नव्हते. आबांना वहिनींना काही सांगायचे असले, तर ते झाडाला, गुराला किंवा मला सांगत. त्यामुळे जोत्याविषयीचे ते वाक्य कोणासाठी होते, हे इंजिनिअर सोडून सर्वांना कळले. ज्याला हरकत असते, तो जोत्याची उंची सांगत नाही.

इंजिनिअर म्हणाले, "ठीक आहे. दोघांचं लिहून द्या."

लेखणी आणि कागद उपस्थितांत माझ्याकडेच होते. मी मांडीवर फळी घेऊन बसलो आणि विषय लिहिला. कारणाच्या ओळीशी थांबलो.

"परस्पर संमती लिहा," इंजिनिअर म्हणाले.

"एवढेच?"

"एवढंच. ऊन वाढतंय."

माझ्या हातून लिहिला गेलेला हा सर्वांत आखूड अर्ज. खाली वहिनींनी सही केली आणि चाचांनीही केली. चाचांची वळणदार उर्दू सही पाहून इंजिनिअरांनी दोनदा विचारले की हे नावच आहे ना. मग फोटो झाले. वहिनी फोटोत पदर मागे घेईनात. इंजिनिअर म्हणाले, चेहरा दिसला पाहिजे. तेव्हा आबा पारावरून उठले आणि मारुतीच्या दर्शनाला गेले. ते दर्शन फोटो निघेपर्यंत चालले.

चौकाचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे, कारण योजना मुळात त्याची होती. फरशा बसल्या, सौरदिवा लागला, सिमेंटची बाके आली. बाके दुपारी इतकी तापतात की त्यांच्यावर शेवया चांगल्या वाळतात. बसायला सगळे अजूनही पारावरच असतात. परंतु चाचांनी घर बांधताना, कोणत्याही सभेला न विचारता, बाजूच्या बोळाच्या अंगाला एक दुसरे दार काढले. बाया गाद्या घेऊन त्या दाराने येतात. पारासमोरून यावे लागत नाही, आणि तरीही चौकात असल्यासारखेच होते. लग्नसराईच्या आधी तेथे इतकी गर्दी असते की रस्त्यावरचा भेळवाला आपली गाडी आत आणून लावू लागला. कापसाचे तंतू उडून पारावरच्या टोप्यांवर बसतात. त्याबद्दल मला एक तक्रार अर्ज लिहिण्यास सांगण्यात आले होते. लिहून ठेवला आहे, पण अर्जदारांची गादी तयार झाल्यापासून ते त्याविषयी बोललेले नाहीत. मॅडम एकदा पाहायला आल्या. वस्तीचे केंद्र कोठे, असे त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा सर्वांनी पाराकडेच बोट केले. मॅडमनी मात्र बोळाचा फोटो काढला.

वहिनींच्या घराचे काम सुरू झाले तेव्हा आबा रोज ऊन उतरल्यावर बाभळीपर्यंत चालत येत. तेथून पुढे येत नसत. बाभळीशी काठी टेकवून उभे राहत, वहिनी पायाच्या पलीकडे विटा भिजवीत असत, आणि मध्ये मी. दोघांतील अंतर एवढे की एकाचा खोकला दुसऱ्याला ऐकू जावा.

"गवंडीले सांग, अजून एक थर चढाड," आबा म्हणाले.

मी वळून म्हणालो, "वहिनी, जोते आणखी एका थराने वाढवावे, अशी सूचना आहे."

"त्यासले सांगा, उंच करानी ना नही. पन हंडा लईसन चढनं माले पडी."

मी पाराच्या... म्हणजे बाभळीच्या दिशेने वळलो. "आबा, जोत्याची उंची तत्त्वतः मान्य आहे. तथापि पाण्याचा हंडा घेऊन चढण्याच्या दृष्टीने..."

"ऐकू ऊनं माले."

"पायऱ्या रुंद करू म्हना," वहिनी विटेवर पाणी ओतत म्हणाल्या. "पन रुंद पायरीले मोठा दगड लागस. तो कोठेन आनू?"

मी आबांकडे पाहिले. काठी उचलून ते परत गेले.

सकाळी बैलगाडी आली. गाडीत काळे, घडीव दगड होते. ते मी ओळखले; आमच्या एकत्र घराच्या पडक्या भिंतीतले, ज्या घराच्या वाटणीचा दावा अजून चालू आहे आणि ज्याच्या कोणत्याही भागाला हात लावण्यास मनाई आहे. गाडीवान म्हणाला की आबांनी स्वतः उभे राहून काढून दिले, आणि सांगितले की चपटी बाजू वर ठेवा, पाय घसरत नाही. गवंड्याने ते दुपारपर्यंत बसवून टाकले. सदर दगड कोणाच्या हिश्श्यात धरायचे, याविषयी मी आवश्यक ती टिपणी करण्याची तयारी दाखवली. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आधी चढीसन दखा."

मी चढून पाहिले. पायऱ्या रुंद आहेत.